बिनपगारी राज्याचा कारभार

पगार देणारा मालक नसेल, हुकूम मोडणाऱ्याला शासन करण्याची सोय नसेल, आणि काम करणारी माणसे एकमेकांपासून हजारो मैल दूर राहत असतील, तर त्यांच्या कामाचा निवाडा कोणी करावा? हा प्रश्न राज्यशास्त्राच्या पुस्तकातला वाटतो. परंतु गेल्या अर्धशतकात संगणकाच्या क्षेत्रात तो रोजच्या व्यवहाराचा प्रश्न होऊन बसला आहे. संगणकाने काय करावयाचे ते त्याला सांगणाऱ्या आज्ञावलींपैकी पुष्कळशा आज कोणा एका कंपनीच्या मालकीच्या नाहीत. त्यांचे मूळ लेखन सर्वांना खुले असते. कोणीही ते वाचावे, त्यात दुरुस्ती करावी आणि दुरुस्त केलेली प्रत दुसऱ्याला द्यावी, अशी मुभा त्यांच्या परवान्यातच दिलेली असते. या प्रकाराला मुक्तस्रोत असे नाव आहे. जगातील बहुसंख्य स्मार्टफोन ज्या लिनक्स नावाच्या गाभ्यावर चालतात, तो याच प्रकारचा होय. या क्षेत्रात आज कंपन्यांचे पगारी नोकरही पुष्कळ आहेत. परंतु त्याचा पाया घातला तो मुख्यतः हौसेने, फावल्या वेळात काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी.

स्वयंसेवकांची संस्था ही वस्तू मराठी माणसाला अपरिचित नाही. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी ग्रंथालये उभारली, नाट्यसंस्था चालविल्या, गणेशोत्सव केले, ते वर्गणीवर आणि हौसेवरच. घटना, कार्यकारी मंडळ, सर्वसाधारण सभा, ठराव, उपसूचना हे शब्द तेथील घराघरांत माहीत आहेत. मंडळात तट पडले म्हणजे एकाची दोन मंडळे होतात, हेही माहीत आहे. असल्या मंडळापुढे जो पेच असतो तोच मुक्तस्रोताच्या मंडळींपुढेही होता. फरक एवढाच की त्यांच्या मंडळाला दिवाणखाना नव्हता, सभासदांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसे, आणि ज्या वस्तूविषयी वाद चाले ती वस्तू एक अखंड रचना होती. ग्रंथालयात दोन पक्षांना दोन कपाटे देऊन वाद मिटविता येतो. रचनेत दोन विसंगत कल्पना शेजारी शेजारी बसविल्या तर सारी इमारत वाकडी होते.

या कारभाराचा इतिहास १९६९ पासून सांगावयास हवा. त्या वर्षी अमेरिकेत चार ठिकाणचे संगणक एका जाळ्यात जोडण्याचे काम सुरू झाले होते. यंत्रांनी परस्परांशी कोणत्या नियमांनी बोलावे, हे ठरविण्याचे काम आले ते विद्यापीठांतील तरुण विद्यार्थ्यांकडे. कोणी तरी वडीलधारी अधिकारी माणसे येतील आणि सूत्रे हाती घेतील, अशी त्यांची समजूत होती. पण तसे कोणी आले नाही. तेव्हा लॉस एंजेलिस येथील स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने चर्चेची टिपणे लिहून ठेवण्याचे पत्करले. सोबत्यांची झोपमोड होऊ नये म्हणून रात्री स्नानगृहात बसून त्याने पहिले टिपण लिहिले. त्यावर ७ एप्रिल १९६९ ही तारीख आहे. आपण अधिकार गाजवीत आहो असे कोणाला वाटू नये, म्हणून त्या टिपणांना त्याने ‘अभिप्रायार्थ विनंती’ अशा अर्थाचे नाव दिले. भिडेपोटी योजलेले ते नाव पुढे कायम झाले. आजचे महाजाल ज्या नियमांवर चालते ते नियम याच नावाच्या टिपणांतून प्रसिद्ध होत आले आहेत. हुकूम न काढता नियम करावयाचा, प्रथम लिहून सर्वांपुढे ठेवावयाचा आणि मग टीका ऐकावयाची, ही रीत तेथून रूढ झाली.

ही रीत पुढे चालविणारी अभियंत्यांची सभा १९८६ च्या जानेवारीत प्रथम भरली तेव्हा तिला २१ जण हजर होते. सभा वाढत गेली. पण तिने मतदानाचा मार्ग पत्करला नाही. त्याला कारण होते. सभेचे सभासदत्व असे नव्हतेच. जो येईल तो सभासद. मग मते मोजावयाची कोणाची? एखाद्या कंपनीने शंभर नोकर धाडले तर शंभर मते तिची व्हावयाची. यावर तोडगा म्हणून तेथे एक मौजेची प्रथा पडली. अध्यक्षाने प्रश्न विचारावा, आणि ज्यांना तो मान्य असेल त्यांनी तोंड न उघडता हुंकार द्यावा. नंतर विरोधकांनी हुंकार द्यावा. हुंकाराने कल कळतो, पण डोकी मोजली जात नाहीत, आणि कोण कोणत्या बाजूचा हेही चटकन उघड होत नाही. हुंकार म्हणजे निकाल नव्हे. चर्चा कोठवर आली ते पाहण्याची ती एक खूण होय. पाच जणांचा आक्षेप शंभरांनी ऐकून न घेता दडपला, तर तेथे एकमत झाले असे मानावयाचे नाही. उलट आक्षेपाचा नीट विचार होऊन त्याला उत्तर मिळाले असेल, तर आक्षेप घेणारे अनेक असूनही पुढे जाता येते. अशा आशयाचे विवेचन त्या सभेच्या २०१४ च्या एका टिपणात केलेले आहे.

या सभेची कसोटी १९९२ साली लागली. महाजालावरील पत्ते अपुरे पडणार हे दिसू लागले होते. जपानमधील कोबे येथे जूनमध्ये वरिष्ठ मंडळाने यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची एक पद्धत उचलावी, असा कौल दिला. तो कौल कदाचित चुकीचाही नसेल. परंतु तो खालच्यांना न विचारता दिला गेला होता. जुलैमध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे सभा भरली तेव्हा प्रक्षोभ झाला. डेव्हिड क्लार्क या वजनदार संशोधकाने त्या वेळी भाषण केले आणि सभेची श्रद्धा थोडक्यात सांगितली. राजे, अध्यक्ष आणि मतपेटी यांपैकी कशावरच तिचा विश्वास नाही, ढोबळ एकमत आणि प्रत्यक्ष चालून दाखविणारी आज्ञावली यांवरच आहे, असा त्याचा भावार्थ. वरिष्ठ मंडळाने माघार घेतली आणि पुढे त्याचे अधिकारही कमी झाले. ज्यांच्याकडून काम करवून घ्यावयाचे त्यांना वगळून योग्य निर्णयही टिकत नाही, हा धडा पहिल्यांदाच इतक्या ठळकपणे मिळाला.

हुंकार ऐकू येण्यास माणसे एका दालनात असावी लागतात. जेथे सारा व्यवहार पत्रांनी होतो तेथे काय करावे? याचे एक उत्तर १९९५ साली मिळाले. इलिनॉय विद्यापीठाच्या संस्थेत तयार झालेली संकेतस्थळे चालविण्याची आज्ञावली तेव्हा लोकप्रिय होती. पण तिचा कर्ता संस्था सोडून गेल्यामुळे ती पोरकी झाली. ती वापरणारे लोक आपापल्या परीने तिला ठिगळे लावीत. फेब्रुवारीत अशा आठ जणांनी आपली ठिगळे एकत्र करावयाचे ठरविले आणि अपाचे गट स्थापन झाला. आठांपैकी प्रत्येकाचा पोटापाण्याचा धंदा निराळा. कोणी कोणाचा वरिष्ठ नव्हता. म्हणून त्यांनी पत्रातून मत देण्याची साधी पद्धत ठरविली. पसंत असेल तर अधिक एक, नापसंत असेल तर उणे एक. मात्र उणे एक या मताला विलक्षण सामर्थ्य दिले होते. मूळ लेखनातील बदलाला एकाही अधिकृत सभासदाने असे मत दिले की तो बदल अडून पडे; अट एवढीच की विरोधाचे तांत्रिक कारण त्याने दिले पाहिजे. एकाच्या नकाराने सारे अडावे अशी सवलत पूर्वी पोलंडच्या राजसभेतील सरदारांनाही होती, आणि त्या राज्याच्या ऱ्हासाला तीही एक कारण झाली, असे इतिहासकार सांगतात. अपाचे गटाचे तसे झाले नाही, याचे श्रेय त्या अटीलाच द्यावे लागेल. नकार देणाऱ्याला कारण सांगावे लागे, आणि कारण सांगितले म्हणजे त्यावर उपाय शोधता येई. १९९६ च्या एप्रिलपर्यंत त्यांची आज्ञावली त्या प्रकारच्या साऱ्या आज्ञावलींमध्ये अधिकांत अधिक वापरली जाऊ लागली होती.

आठांचे मंडळ असे चालते; आठशेंचे चालत नाही. डेबियनचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. पर्ड्यू विद्यापीठातील इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी हा प्रकल्प जाहीर केला. लिनक्सचा गाभा आणि त्याभोवतालच्या शेकडो आज्ञावली नीट जुळवून, तपासून, एका संचात लोकांना द्यावयाच्या, हा त्याचा हेतू. आपल्या प्रेयसीचे डेब्रा हे नाव आणि आपले इयन हे नाव जोडून त्याने प्रकल्पाचे बारसे केले. तो १९९६ पर्यंत प्रमुख राहिला. त्याच्यानंतर ब्रूस पेरेन्स आला. १९९७ साली प्रकल्पाने वापरणाऱ्यांशी ‘सामाजिक करार’ केला, आणि १९९८ च्या डिसेंबरात रीतसर लिखित घटना स्वीकारली.

ही घटना वाचण्यासारखी आहे. तिच्या आरंभीच्या भागातच एक कलम असे आहे की, या घटनेमुळे कोणावरही काम करण्याचे बंधन येत नाही. सोपविलेले काम नको असेल तर ते न करण्यास सभासद मोकळा आहे. मात्र ठरलेल्या निर्णयाच्या विरुद्ध त्याने खटपट करू नये. स्वयंसेवकांच्या राज्याचा सारा पेच या एका कलमात आला आहे. बहुमताला ‘असे करू नका’ म्हणता येते; ‘हे करा’ असे म्हणता येत नाही. दर वर्षी निवडला जाणारा प्रमुख असतो, पण आपले स्वतःचे मत फार पुढे रेटू नये, सभासदांच्या सर्वसाधारण मताला धरून निर्णय करावा, असा उपदेश घटनेनेच त्याला केला आहे. तांत्रिक वादांसाठी निराळी समिती आहे. परंतु एखाद्या सभासदाने स्वतःच्या कामात घेतलेला निर्णय फिरवावयाचा असेल तर त्या समितीत एकास तीन असे मताधिक्य लागते. निवडणुकीच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांबरोबर ‘यांपैकी कोणीही नाही’ हाही पर्याय असतो, आणि तो जिंकला तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. मत देताना एकाच नावापुढे खूण करावयाची नसून साऱ्या पर्यायांना पसंतीचा क्रम द्यावयाचा असतो. मग प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडी लावून कोण कोणाला हरवितो ते पाहिले जाते. या पद्धतीचा मूळ पुरुष फ्रान्समधील गणितज्ञ काँदोर्से. त्याने १७८५ मध्ये मतदानाच्या गणितावर ग्रंथ लिहिला आणि पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली तो कारागृहात मरण पावला. कोणत्याही मोठ्या राष्ट्राने आपल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी जी पद्धत उचलली नाही, ती दोनशे वर्षांनी संगणकाच्या हौशी मंडळींनी उपयोगात आणली.

या घटनेची खरी परीक्षा २०१४ साली झाली. संगणक सुरू होताना सर्व कामांना चालना देणारी जी आज्ञावली असते, ती जुनीच ठेवावी की सिस्टमडी नावाची नवी घ्यावी, यावरून सभासदांत दोन तट पडले. हा वाद केवळ सोयीचा नव्हता. लहान लहान स्वतंत्र भाग जोडून यंत्रणा उभी करावी, हे एका पक्षाचे तत्त्व. एकसूत्री रचना असल्याखेरीज आजची गरज भागणार नाही, हे दुसऱ्याचे म्हणणे. आठ जणांच्या तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार अशी मते पडली आणि ११ फेब्रुवारीला अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. पराभूत पक्षाने सर्व सभासदांचे मतदान मागितले. ते नोव्हेंबरमध्ये झाले तेव्हा जो पर्याय जिंकला तो मोठा मार्मिक होता: या विषयावर सर्वसाधारण ठरावाची गरजच नाही! सभासद भांडणाला कंटाळले होते, हा त्याचा एक अर्थ. आपण निवाड्यासाठी नेमलेल्या यंत्रणेला तिचे काम करू द्यावे, हा दुसरा. तथापि या प्रकरणाची किंमत द्यावी लागलीच. काही जुने आणि कर्तबगार सभासद पदे सोडून गेले, आणि असंतुष्टांनी त्याच महिन्यात देवुआन नावाने वेगळी चूल मांडण्याचे जाहीर केले.

वेगळी चूल मांडण्याचा हा हक्क या राज्यव्यवस्थेचा खरा आधार आहे. मूळ लेखन सर्वांचे असल्यामुळे नाराज झालेला पक्ष त्याची प्रत घेऊन आपला संसार निराळा थाटू शकतो. येथे सोडून जाणारा रिकाम्या हाताने जात नाही. सगळी मिळकत बरोबर घेऊन जातो आणि मागे राहिलेल्याचेही काही कमी होत नाही. त्यामुळे प्रमुखाला नेहमी एक धाक असतो. फुटीचा शेवट नेहमी कडूच होतो असेही नाही. जीसीसी नावाच्या प्रसिद्ध अनुवादक आज्ञावलीचे काम मंद झाले आहे म्हणून काहींनी १९९७ साली वेगळी शाखा काढली. ती इतकी सरस ठरली की १९९९ च्या एप्रिलमध्ये मूळ प्रकल्पानेच त्या शाखेला आपली गादी दिली. २०१० साली ओपनऑफिस या कचेरीकामाच्या आज्ञावलीचे स्वयंसेवक नव्या मालक कंपनीच्या धोरणाला कंटाळून बाहेर पडले आणि त्यांनी लिब्रेऑफिस सुरू केले. आज त्यांचीच शाखा जोमाने चालू आहे. परंतु फूट हे शेवटचे औषध होय. दोन्हीकडचे मनुष्यबळ अर्धे होते, आणि वापरणाऱ्याला कोणाच्या मागे जावे ते कळेनासे होते.

ज्यांना सभा, हुंकार, मतपत्रिका हे सारे लांबलचक वाटले, त्यांनी राजाचा मार्ग पत्करला. फिनलंडच्या लिनस टॉर्वाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले. तेव्हापासून त्याच्या गाभ्याविषयी अखेरचा शब्द त्याचाच राहिला. परंतु राजसत्तेची सर्वांत बोधप्रद कथा आहे ती पायथॉन या संगणकभाषेची. ॲम्स्टरडॅमच्या गणित व संगणक संस्थेत काम करणाऱ्या ग्वीदो व्हान रॉसम याने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत, विरंगुळा म्हणून, ही भाषा रचावयास घेतली आणि १९९१ मध्ये ती जगापुढे ठेवली. पुढे १९९५ साली त्याच्या सहकाऱ्यांनी थट्टेने त्याला ‘आजन्म परोपकारी हुकूमशहा’ असा किताब दिला. थट्टा पुढे खरी झाली. भाषेत नवे काय घ्यावयाचे आणि काय नाही, याचा निकाल तेवीस वर्षे तोच देत राहिला.

हा हुकूमशहा मनमानी करणारा नव्हता. २००० सालापासून प्रत्येक सुधारणेचा लेखी प्रस्ताव मांडण्याची पद्धत तेथे सुरू झाली. प्रस्तावात सुधारणेचे कारण, तिची रचना, तिच्यावरील आक्षेप आणि नाकारलेले पर्याय हे सर्व नोंदवावयाचे. त्यावर खुली चर्चा व्हावयाची. आणि मग ग्वीदोने स्वीकार किंवा नकार सांगावयाचा. नाकारलेले प्रस्तावही जपून ठेवले जात, म्हणजे तोच वाद पुन्हा उकरला गेला तर मागील निकाल दाखविता यावा. लोकमताचा प्रयोगही त्याने करून पाहिला. अट खरी असेल तर हे मूल्य, नाही तर ते, असे एका ओळीत कसे लिहावे, हा प्रश्न २००३ साली त्याने लोकांपुढे ठेवला. लोकांनी अनेक पर्यायी रूपे सुचविली. मतदान झाले, आणि कोणत्याच रूपाला निर्विवाद कौल मिळाला नाही. काही तरी हवे असे पुष्कळांना वाटत होते; पण काय हवे यावर एकमत नव्हते. अखेर २००५ मध्ये ग्वीदोने स्वतःच एक रूप पसंत केले. ते पुष्कळांना विचित्र वाटले, तरी आज पायथॉन लिहिणारा प्रत्येक जण ते सहज वापरतो.

रचनेच्या कामात मतदान का अडखळते, याचे हे चांगले उदाहरण आहे. मत देणारा एकेका प्रश्नाचा विचार करतो. रचनाकाराला साऱ्या प्रश्नांचा एकत्र मेळ घालावा लागतो. फ्रेडरिक ब्रुक्स या अनुभवी संगणकतज्ज्ञाने १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात, रचनेमागची कल्पना एकसंध असणे हाच तिचा मुख्य गुण होय आणि तो थोड्या डोक्यांतूनच येतो, असे प्रतिपादन केले होते. आणखी एक अडचण आहे. पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ साली एका समितीची गंमत वर्णिली. अणुभट्टीचा कोट्यवधींचा खर्च ती चर्चेविना मंजूर करते, कारण त्यातले कोणालाच कळत नाही. आणि सायकली ठेवण्याच्या शेडवर तासभर भांडते, कारण शेड सर्वांनाच कळते. स्वयंसेवकांच्या पत्रव्यवहारात ‘सायकलींची शेड’ हा आता वाक्प्रचारच होऊन बसला आहे. पडद्यावरील बटण कोठे असावे, चिन्हाचा रंग कोणता असावा, हे प्रश्न सर्वांना कळणारे. म्हणून देखाव्याची रचना करणाऱ्यांच्या वाट्याला ही भांडणे अधिक येतात.

२०१० साली उबंटू या संचात खिडकी बंद करण्याची बटणे उजवीकडून डावीकडे नेण्यात आली तेव्हा असेच झाले. उबंटूच्या पाठीशी कंपनी आहे. पण तिच्याभोवती स्वयंसेवकांचा मोठा मेळा होता, आणि तो खवळला. आपल्याला विचारले का नाही, हा त्यांचा मुख्य सवाल. संस्थापक मार्क शटलवर्थ याने स्पष्ट सांगितले की, अभिप्राय आणि पुरावा यांचे स्वागत आहे, परंतु रचनेचे निर्णय मतदानाने होत नाहीत. ते त्या त्या कामासाठी नेमलेल्या माणसांकडे असतात. सात वर्षांनी, २०१७ च्या ऑक्टोबरात, उबंटूने आपला तो सारा देखावा सोडला आणि बटणे पुन्हा उजवीकडे आली. शटलवर्थचे तत्त्व चुकीचे होते असे यावरून म्हणता येत नाही. पण निर्णय घेण्याचा अधिकार असणे आणि तो निर्णय लोकांच्या गळी उतरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे मात्र खरे.

ग्वीदोला ही गोष्ट २०१८ साली फार जाचली. एखाद्या सूत्रात मूल्य काढतानाच त्याला नाव देता यावे, असा प्रस्ताव त्या वर्षी आला. त्यासाठी योजलेले चिन्ह म्हणजे अपूर्णविराम आणि त्याला लागून बरोबरीची खूण. आडवे धरून पाहिले तर ते वॉलरस या सुळेवाल्या सागरी प्राण्याच्या तोंडासारखे दिसते, म्हणून त्याला तेच नाव पडले. वस्तू एवढीशी, पण शेकडो पत्रांचा पाऊस पडला आणि भाषा कडवट झाली. ग्वीदोने प्रस्ताव मान्य केला. त्यानंतर १२ जुलै २०१८ रोजी त्याने सहकाऱ्यांना पत्र लिहून सिंहासन सोडले. एका प्रस्तावासाठी इतके झगडावे आणि एवढ्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करावा, हे पुन्हा सोसण्याची आपली तयारी नाही, असा त्याचा आशय होता. त्याने वारस नेमला नाही. लोकशाही, अराजक, हुकूमशाही की संघराज्य, काय ते तुम्हीच ठरवा, असे म्हणून तो मोकळा झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लिनस टॉर्वाल्ड्सनेही सहकाऱ्यांना लिहिलेल्या आपल्या तिखट पत्रांबद्दल क्षमा मागून काही आठवडे रजा घेतली, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. हे राजेपण बाहेरून वैभवाचे दिसते. पण साऱ्यांचा राग ज्याच्याकडे वळतो असा तो एकच माणूस असतो.

पायथॉनच्या मंडळींपुढे आता मोठा पेच पडला. निर्णय कसा करावा हे ठरविण्यासाठीही निर्णय करण्याची पद्धत लागते, आणि ती पद्धत ठरविणारा तर निघून गेला होता. तरी ती मंडळी गोंधळली नाहीत. लेखी प्रस्तावाची जुनी सवय त्यांच्या उपयोगी पडली. राज्यव्यवस्थेचे सात आराखडे रीतसर मांडले गेले. एकात पुन्हा एकच नेता नेमावा असे होते, आणि त्या पदाचे लांबलचक इंग्रजी नाव असे बेतले होते की त्याची आद्याक्षरे जुळवून ‘ग्वीदो’ हेच नाव व्हावे. दुसऱ्यात तिघांचे मंडळ होते. आणखी एकात बाहेरचे पंच होते. डिसेंबरात काँदोर्सेच्या पद्धतीने मतदान झाले, आणि पाच जणांच्या सुकाणू मंडळाचा आराखडा निवडला गेला. पाचांपैकी दोनांहून अधिक जण एकाच कंपनीचे नोकर असू नयेत, आणि दोन तृतीयांश मतांनी मंडळावर अविश्वास दाखविता यावा, अशा अटी त्यात आहेत. २०१९ च्या आरंभी पहिली निवडणूक झाली. निवडून आलेल्या पाचांत ग्वीदो हाही एक होता. पण पुढच्या निवडणुकीतून त्याने आपले नाव काढून घेतले. पाचांमुखी परमेश्वर ही म्हण पायथॉनच्या मंडळींना ठाऊक असण्याचे कारण नाही, पण ते पोचले त्याच मुक्कामाला.

हा सारा खटाटोप हौशी लोकांचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यात काय पणाला लागले आहे, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसून आले. एक्सझेड नावाची, माहिती दाबून लहान करण्याची एक लहानशी आज्ञावली जगभरच्या असंख्य संगणकांत वापरली जाते. तिची देखभाल वर्षानुवर्षे एकच थकलेला स्वयंसेवक करीत होता. काम वेळेवर होत नाही अशी टोचणी त्याला २०२२ च्या सुमारास पत्रांतून सुरू झाली, आणि मदतीला आलेल्या एका अनोळखी, आज्ञाधारक सहकाऱ्याच्या हाती त्याने हळूहळू अधिकार दिले. त्या टोपणनावाच्या सहकाऱ्याने २०२४ मध्ये त्या आज्ञावलीत गुप्त चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला यंत्रात प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद उशीर होतो असे जाणवले आणि त्याने त्याचा माग काढला, म्हणून ते कारस्थान उघडकीला आले. वारस कसा निवडावा, ओझे कसे वाटून घ्यावे, नव्याची पारख कशी करावी, हे प्रश्न तेथे कधी कोणी विचारलेच नव्हते. घटना, समित्या, मतपत्रिका हे अवडंबर ज्यांना वाटते त्यांनी या प्रकरणाकडे जरूर पाहावे.

अर्धशतकाच्या या इतिहासातून एकच आदर्श पद्धत हाती येते असे नाही. लहान मंडळाला हुंकार पुरतो. मोठ्याला घटना लागते. नव्या रचनेला आरंभी एखाद्या जाणत्या माणसाचा शब्द प्रमाण मानणे हिताचे ठरते. परंतु टिकून राहिलेल्या साऱ्या मंडळांत काही गोष्टी सारख्या दिसतात. निर्णयाची कारणे लिहून ठेवलेली असतात. विरोध करणाऱ्याला कारण सांगावे लागते, आणि सांगितलेले कारण ऐकून घ्यावे लागते. नेता जाण्यापूर्वीच, किंवा गेल्यावर लगेच, पुढचा कसा यावयाचा हे ठरते. पायथॉनच्या सुकाणू मंडळाला घटनेने व्यापक अधिकार दिले आहेत, आणि लागलीच असेही बजावले आहे की ते शक्य तितके कमी वापरावेत. शक्य तेथे एकमत घडवावे, आणि अधिकाराचा उपयोग अगदी अडेल तेथेच करावा. पगार नसलेल्या माणसांवर राज्य करणाऱ्यांनी इतक्या वर्षांच्या अनुभवाने लिहून ठेवलेले हे कलम आहे. ज्या मंडळांना दिवाणखाना आहे, वर्गणी आहे, आणि दर वर्षी सर्वसाधारण सभा आहे, त्यांच्याही घटनेत ते शोभून दिसेल.